आधी कळस

धाकटीचा डावा हात पुन्हा त्याच पट्टीवर चुकला. तिने तळवा मांडीला पुसला आणि पहिली ओळ नव्याने धरली.

रोज लोकांच्या दाढा उपटताना न थरथरणारे हे हात पियानोवर आले की चाचपडत चालत. रचनाही भलतीच कठीण. आईने उभा जन्म पियानो शिकवला, पण ही रचना मैफलीत वाजवायचं तिचं राहूनच गेलं. आधी मुली आड आल्या, मग बोटांचे सांधे. आईच्या हाती आता फार महिने नाहीत, असं डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेवढ्या महिन्यांत तिला ही रचना आईला ऐकवायची होती. आईला मात्र तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. अचानक पियानो कुठून आठवला, असं आईने विचारलं, तेव्हा दवाखान्याचा शीण जातो म्हणून तिने ठोकून दिलं.

आई मागे खुर्चीत शाल घेऊन बसली होती. एरवी चुकीचा सूर ऐकला की ती स्वयंपाकघरातूनही ओरडायची. पहिली ओळ बसल्याशिवाय दुसरीला हात लावू द्यायची नाही; आधी कळस मग पाया, हे तिच्याकडे चालत नसे. विद्यार्थी रडकुंडीला येत, त्यांच्या आया भांडायला येत, पण ही बधत नसे. आज ती गप्प होती आणि त्या गप्प बसण्याने धाकटीची मान अवघडली होती.

हात पुन्हा चुकला.

"आई, बोल ना काहीतरी. चुकतंय ते कळतंय मला."

आई उठली. टेबलाचा, मग पियानोचा आधार घेत आली. वाकड्या बोटांनी तिने पानं उलटली, एकेक नाही, सगळी एकदम, आणि शेवटचं पान दाबून धरलं.

"इथून सुरू कर."

"अगं, पण पहिली ओळ अजून..."

"ती बसव नंतर, सावकाश." आई बाकावर तिच्या शेजारी टेकली. "मला शेवट ऐकायचाय."

धाकटीचे हात पट्ट्यांवरून खाली आले. ती वळली, पण आईची नजर पानावरच होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"हात ठेव," आई म्हणाली. "आधी डावा. करंगळी ताठ नको."

धाकटीने डोळे पुसले, करंगळी वाकवली. पहिलाच सूर चुकला आणि आई पूर्वीसारखी ओरडली.