पडद्यावर फुटलेल्या बांगड्या

कडुबा हिवराळे गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या घरी नात्यातल्या बायका बांगड्या फोडायला पुढं आल्या, तेव्हा कडुबांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर हा प्रकार आपल्यात नको, हे कडुबांनी वस्त्यावस्त्यांतल्या सभांत सांगितलं होतं. सत्यभामाबाई पांढरी साडी नेसून, भरल्या हातांनी अंत्ययात्रेपुढं चालल्या. पुढं बऱ्याच घरांत बायका त्यांचं नाव घेऊन हात मागं घेऊ लागल्या.

त्यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक सुदर्शन चार दिवस त्यांच्यासमोर बसला होता. हा प्रसंग त्यांनी त्याला सगळ्यात आधी सांगितला.

प्रदर्शनाआधीच्या खेळात त्यांनी पाहिलं ते असं: नायिका दाराच्या चौकटीवर मनगटं आपटते, काचा उडतात, रक्त येतं.

"हे मी केलं नव्हतं," दिवे लागल्यावर त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, आई," सुदर्शन म्हणाला. "पण तुमचं दुःख दाखवायचं कसं? तुम्ही तर त्या दिवशी रडल्याही नाहीत."

"मग नाय रडले, असं दाखव."

"लोक म्हणतील, बाईचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं."

"काढून टाक ते."

"सेन्सॉर झालंय. शुक्रवारी लागतोय."

गाडीत मुलगा प्रणय म्हणाला, "एवढ्यावरून वाद नको, आई. नवी पोरं आता कुठं बाबांचं नाव घ्यायला लागलीत. आणि करारावर सही तूच केली ना?"

"तूच वाचून दाखवला व्हता."

"तीस पानं होती. सगळी कोण वाचतं?"

सत्यभामाबाईंनी सून विशाखाकडून वर्तमानपत्राला पत्र लिहून घेतलं. शनिवारी ते पाचव्या पानावर चार ओळींत आलं. पहिल्या पानावर थिएटरबाहेरच्या गर्दीचा फोटो होता. कडुबांच्या पक्षानं गावोगावच्या बायकांसाठी मोफत खेळ लावले, चितेगावहून दोन बस भरून आल्या. बायका घरी येऊन सत्यभामाबाईंना मिठी मारत.

"लई रडवलं, बाई तुम्ही."

"ते खोटं हाय. मी फोडल्या नव्हत्या."

"व्हय, व्हय," बायका म्हणत आणि त्यांची पाठ थोपटत.

तिसऱ्या आठवड्यात चितेगावात, त्या बसमधून खेळाला आलेल्या मोनिकाचा नवरा गेला. कंपनीतून सुटल्यावर पैठण रोडवर त्याला ट्रकनं उडवलं. मोनिका चोवीस वर्षांची. निरोप मिळताच सत्यभामाबाई विशाखाच्या स्कूटीवर बसून निघाल्या. वाटेत त्यांनी दोनदा सांगितलं, "जरा जोरात घे."

त्या पोचल्या तेव्हा मोनिकाच्या मनगटावर ओली चिंधी बांधलेली होती. काचा सुपलीत भरून झाल्या होत्या.

"नाय म्हणत व्हती पोरगी," मोनिकाची सासू म्हणाली. "सत्यभामाबाईंनी नाय फोडल्या, मग मी का फोडू, म्हणाली. मंग मीच सांगितलं, अगं, आपण संगंच पाह्यला ना पिच्चर?"

"मी फोडल्या नव्हत्या."

सासूनं त्यांच्याकडं मायेनं पाहिलं. "असं कसं, बाई? सगळ्या गावानं पाह्यलं. तुमचं तर लई रगत गेलं."

"ती नटी व्हती."

"व्हय की. पण गोष्ट तर तुमचीच हाय."

मोनिका इतका वेळ जमिनीकडं पाहत होती. तिनं मान वर केली. "आज्जी, तुम्ही खरंच नव्हत्या फोडल्या?"

"नाय."

"मग पिच्चरवाल्यांना करू कसं दिलं तसं?"

एवढ्यात घाटी दवाखान्यातून मयत घेऊन गाडी आली. बायका उठल्या, कोणी मोनिकाला धरलं. सत्यभामाबाई मागं सरकत होत्या, तर दोघींनी त्यांचा हात धरून त्यांना पुढं घेतलं आणि मोनिकाच्या शेजारी जागा करून दिली. एक म्हणाली, "बसा, बाई. तुम्हीबी ह्या सगळ्यातून गेलाय."