सव्वाचारचा भोंगा

सव्वाचार होऊन गेले आणि भोंगा वाजला नाही.

ती खिडकीशी बसून आबांच्या सदऱ्याला बटण लावत होती. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला, आणि मग तिला जाणवलं की आपले कान मघापासून कशाची तरी वाट बघताहेत. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. घड्याळ पुढे असेल म्हणून तिनं मोबाइल पाहिला. तोही तेच सांगत होता.

घरात शांतता होती, पण ती निवांत शांतता नव्हती. रडणारं लेकरू अचानक गप्प झालं की आई हातातलं काम टाकून उठते ना, तसली ती शांतता होती.

खिडकीतून नदी दिसायची. नदी म्हणजे या दिवसांत नुसता वाळूचा रुंद पट्टा, आणि मधून चालणारी घोट्याएवढ्या पाण्याची एक धार. पट्ट्यावर तीन होड्या पालथ्या घातलेल्या, आणि मधल्या होडीशी वाकलेला एक ठिपका. तो ठिपका म्हणजे आबा. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा आणि वरून गरम डांबर फिरवायचं, हे काम आबा पन्नास वर्षं करत आले होते. त्यांना नदीत घड्याळ लागत नसे, मोबाइल ते घरी चार्जिंगला लावून जात. "भोंगा वाजला की मी वर," एवढं त्यांचं वेळापत्रक.

आणि तो भोंगा तिच्या हाताखालचा होता.

नदीच्या वरच्या अंगाला धरण. रोज दुपारी वीज करायला तिथून पाणी सोडत. सव्वाचारला खालच्या काठावरचा भोंगा सुरू होई, पंधरा मिनिटं रडे, मग साडेचारला दरवाजे उघडत, आणि त्यानंतर विसाव्या मिनिटाला पाणी या घरापुढून धावत जाई. हे सगळं हलवणारा संगणक धरणावरच्या कंट्रोल रूममध्ये होता, आणि तो सांभाळायची नोकरी तिची. सेकंदाचाही फरक तिला खपत नसे, म्हणून तिथले लोक तिला घड्याळबाई म्हणत. आज घड्याळबाईंची सुट्टी होती.

'नाहीच वाजला तर दरवाजे उघडणारच नाहीत,' तिनं मनाशी म्हटलं. 'मी तसं लिहूनच ठेवलंय.'

त्या संगणकात एक कारभारी होता. खरं नाव सिस्टमडी, पण नव्या माणसाला समजावताना ती कारभारीच म्हणायची. कोणाला कधी उठवायचं, कोणाच्या मागे कोणी जायचं, कोण पडला तर कोणी थांबायचं, हे सगळं तो बघे. प्रत्येक कामाची एक फाइल, म्हणजे कारभाऱ्याला दिलेली चिठ्ठीच. दरवाज्यांच्या चिठ्ठीत तिनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: भोंगा असलाच पाहिजे. भोंगा उठला नाही, तर दरवाजे उठवायचे नाहीत.

तरी तिनं लॅपटॉप उघडला. पासवर्ड पहिल्यांदा चुकला.

चिठ्ठी समोर आली. भोंगा असलाच पाहिजे. शब्द जागच्या जागी होते. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे काहीतरी अडलं असेल, दरवाजे बंद असतील, दरवाज्यांवर नजर ठेवणारे गेटमास्तर तिकडे चिडचिड करत असतील. बरंच झालं. चिडू देत.

मग तिनं कारभाऱ्यालाच दरवाज्यांची खबर विचारली.

पडद्यावर सात-आठ ओळी उमटल्या. दरवाजे: चालू. आणि त्याच्यावर एक ओळ, जी ती दिवसातून दहा वेळा बघायची आणि म्हणून जिच्याकडे आता कधी लक्षच जात नसे: चिठ्ठी बदलली आहे, पण मी ती पुन्हा वाचलेली नाही.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

आठ दिवस धरणाची वार्षिक दुरुस्ती चालली होती. पाणी बंद. भोंग्याच्या खांबावर एक वायरमन चढायचा; कानाशी कर्णा, खाली तीस फूट. चुकून भोंगा सुटला तर तो दचकून पडायचा, म्हणून तिनं भोंग्याला मास्क घातला होता. नुसतं बंद करणं वेगळं, मास्क घालणं वेगळं. बंद केलेल्याला कोणीही हाक मारून उठवू शकतं. मास्क घातलेल्याला कारभारी स्वतःसुद्धा उठवत नाही, जणू तो जन्मालाच आला नाही. आणि भोंग्याशिवाय दरवाजे तपासता यावेत म्हणून तिनं 'असलाच पाहिजे'च्या जागी लिहिलं होतं, 'असला तर बरा'.

काल संध्याकाळी दुरुस्ती संपली. तिनं चिठ्ठी पुन्हा पहिल्यासारखी केली. आता दोनच गोष्टी राहिल्या होत्या. कारभाऱ्याला सांगायचं, चिठ्ठ्या पुन्हा वाच. आणि भोंग्याचा मास्क काढायचा. दोन ओळी. तेवढ्यात फोन वाजला होता, ती बोलत बोलत बाहेर व्हरांड्यात गेली होती, आणि परत येऊन पाहिलं तर पडद्यावर चिठ्ठी कशी अगदी बरोबर दिसत होती.

चिठ्ठी बरोबर होती. कारभाऱ्याच्या डोक्यात मात्र अजून जुनंच होतं. भोंगा असला तर बरा. नसला, तर नसला.

तिनं कंट्रोल रूमला फोन लावला.

"बोला घड्याळबाई! सुट्टीतही चैन नाही वाटतं?" गेटमास्तर काही चावत बोलत होते.

"काका, दरवाजे बंद आहेत ना?"

"बंद कशाला? उघडलेत की. सव्वाचारच्या ठोक्याला. आठ दिवसांनी पाणी सोडलंय, पण काय लोण्यासारखे सरकले!"

"सव्वाचारला? साडेचारला नाही?"

"मला वाटलं तुम्हीच वेळ बदललीत. तुमच्या गणितात आम्ही कशाला नाक खुपसू? स्क्रीनवर सगळं हिरवं आहे बघा."

भोंगा पंधरा मिनिटं वाजायचा, आणि तो संपला की दरवाज्यांची पाळी यायची. ती पंधरा मिनिटं कुठं वेगळी लिहिलेलीच नव्हती. ती भोंग्याच्या पोटात होती. भोंगाच नाही, तर थांबायचं कशासाठी? कारभाऱ्यानं सव्वाचारला भोंग्याला हाक मारली असेल, तो नाही म्हटल्यावर पुढे होऊन दरवाजे उघडले असतील. अगदी सांगितल्याप्रमाणं. त्याची काही चूक नव्हती.

"काका, बंद करा. आत्ताच्या आत्ता. भोंगा वाजलेला नाही. खाली माणूस आहे."

पलीकडचं चावणं थांबलं. "कोण माणूस?"

"आबा."

"अगं बाई गं," गेटमास्तर एकदम अहोजाहो विसरले. "करतो, बंद करतो. पण पोरी, सुटलेलं पाणी मी कुठून परत आणू?"

चार चोवीस. सव्वाचार अधिक वीस म्हणजे चार पस्तीस. अकरा मिनिटं.

तिनं मास्क काढला. कारभाऱ्याला चिठ्ठ्या पुन्हा वाचायला लावल्या. भोंगा, ऊठ. तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीत एक चूक, प्रत्येक चूक खोडताना एक जास्तीचं अक्षर खोडलं जात होतं. शेवटचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. खिडकीबाहेर ऊन होतं, वाळू होती, ठिपका होता. दुरुस्तीत तार तर निघाली नसेल?

आणि मग काठावरून तो रडवा आवाज उठला, आधी खोल, मग वर, आणखी वर, खिडकीची काच थरथरेपर्यंत. जन्मभरात इतका गोड आवाज तिनं ऐकला नव्हता.

ठिपका सरळ झाला. त्यानं मान वर केली. आणि मग, तिच्या डोळ्यांदेखत, तो पुन्हा वाकला.

आबा डांबराच्या डब्याचं झाकण लावत होते. मग ब्रश पुसतील. मग कापसाचं गाठोडं बांधतील, हातोडी शोधतील, एक विडी ओढतील. त्यांचा हिशेब पक्का होता: भोंगा लागल्यावर पंधरा मिनिटं, त्यावर वीस. पस्तीस मिनिटांत माणूस निवांत घरी येऊन हातपाय धुतो. तो हिशेबही तिनंच त्यांना शिकवला होता.

ती अनवाणीच धावली.

काठाच्या पायऱ्या चौऱ्याहत्तर. लहानपणी मोजलेल्या. आई त्या उतरताना कमरेवर धुण्याची बादली घेऊन गुणगुणायची, आणि इतक्या वर्षांत न आठवलेलं ते गाणं आता प्रत्येक पायरीला तिच्या छातीत आपटत होतं:

*नदीबाई नदीबाई, हळू टाक पाऊल गं,*
*माझा धनी वाळूवरी, लागू दे चाहूल गं.*

चाहूल. नदीची तेवढी चाहूलच तर तिनं काढून घेतली होती.

वाळूत पाय रुतत होते. "आबा! आबा, चला!" भोंगा तिचा आवाज गिळून टाकत होता. जिला ओरडून सांगायचं होतं तिच्याच भोंग्यानं तिचं तोंड बांधलं होतं. आबांनी तिला पाहिलं, हात हलवला, हसले. त्यांना वाटलं, लेक सुट्टीची म्हणून घ्यायला आली.

"टाका ते सगळं! पाणी सुटलंय!"

"अगं, आत्ता तर वाजलाय. अजून—"

"सुटलंय म्हणते ना! चला!"

तिनं त्यांचं मनगट धरलं. आबांना कोणी असं ओढलेलं नव्हतं, बायकोनंही नाही. ते काही बोलणार होते, पण त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं आणि हातोडी टाकली. दोघं निघाली. सत्तरीचे गुडघे वाळूत धावत नाहीत, ते पडत पडत चालतात. धार ओलांडताना पाणी घोट्याला नव्हतं, पोटरीला होतं, आणि गार. वरून आलेलं पाणी गार असतं. तिनं मागं पाहिलं नाही. मागं पाहिलं तर पाय थांबतील असं तिला वाटलं.

दहावी पायरी. विसावी. तिथं आबा बसले, छातीवर हात ठेवून. "बस, पोरी. बस. आता नाही होत."

मग तिनं पाहिलं.

पाणी लाटेसारखं आलं नाही. चटई उलगडावी तसं आलं, तपकिरी, काठाला फेस, पुढं काड्या आणि पानं ढकलत. त्यानं पहिली होडी उचलली, जरा तोलली, उलटी केली. दुसरी. मधल्या होडीपाशी डांबराचा डबा एकदा चमकला आणि गेला. भोंगा अजून वाजतच होता. चार एकेचाळीसला पंधरा मिनिटं भरल्यावर तो आपोआप थांबला, आणि त्या गप्प होण्यानं दोघंही दचकली.

"बगळे उठले होते," आबा म्हणाले. "भोंगा वाजायच्या जरा आधी. वरच्या वळणावरचे सगळे एकदम. आणि गार वाराही लागला तोंडाला. मनात आलं, निघावं."

"मग निघाला का नाहीत?"

"भोंगा कुठं झाला होता?" त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "बगळ्यांचं काय, ते कशानंही उठतात. भोंगा माझ्या लेकीनं लावलाय."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"आबा, तो मीच बंद केला होता. आणि काल उघडायला विसरले."

खाली तिसरी होडी आपली आपण फिरत होती.

"विसरणारी नव्हेस तू. कशात एवढी गुंतली होतीस?"

"फोन आला होता."

"कोणाचा?"

"तुमचा."

आबांनी आठवून पाहिलं: बटण तुटलंय, उद्या सुट्टी आहे तर लावून दे. त्यांचा हात हळूच छातीकडे गेला, जुन्या सदऱ्याच्या उसवलेल्या पट्टीवर. मग तिथून त्यांनी तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कंट्रोल रूमला गेली. झालेलं सगळं स्वतःच्या नावानं लिहून वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पंधरा मिनिटांचं थांबणं आता तिनं भोंग्याच्या पोटातून काढून दरवाज्यांच्या चिठ्ठीत वेगळं लिहिलं. चिठ्ठी बघून तिचं समाधान झालं नाही. कारभाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते विचारलं, मग पुन्हा विचारलं, मग गेटमास्तरांना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"अहो, तिसऱ्यांदा वाचताय," गेटमास्तर म्हणाले. पण चिडवल्यासारखं नाही. त्यांचाही डबा टेबलावर तसाच बंद होता.

सव्वाचारला भोंग्यापुढचा ठिपका हिरवा झाला. तिनं आबांच्या मोबाइलवर फोन लावला. आज आबांनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"आबा, वाजतोय का? खरंच वाजतोय का?"

"हे ऐक." त्यांनी फोन हवेत धरला असावा. तो रडवा आवाज तिच्या कानात भरला.

"तुम्ही कुठं आहात?"

"वर. पायरीवर बसलोय."

"कधीपासून?"

"साडेतीनपासून," ते म्हणाले.

तिनं डोळे मिटले.

"बगळे?" तिनं विचारलं.

"आहेत," आबा म्हणाले. "बघतोय मी. अजून बसलेत."