पतिरामची सॉरी

नवेगाव बांधच्या तळ्यापासून कोसभर आत, जंगलाच्या कडेला साहेबलोकांसाठी बांधलेला एक बंगला होता आणि त्यावर पतिराम चौकीदार होता. चौकीदारी म्हणजे पाणी तापवायचं, बूट पुसायचे, चहा करायचा आणि शिव्या खायच्या. पण वीस वर्षं साहेबांचे उष्टे कप विसळता विसळता त्याला इंग्रजीतला एक शब्द सापडला होता, आणि तेवढ्या भांडवलावर तो गावात पंडित होऊन बसला होता.

"शबद एकच, सॉरी. पण कामं पाहा त्याची," तो पारावर बसून सांगे. "पाय तुडवला, सॉरी. आयकू नाही आलं, सॉरी. खोकला आला, सॉरी. तुमी बंगल्यावर गेले अन् साहेबाले तुमाले भेटाचं नसन, तरी सॉरीच. सॉरी झाली का बोलनं खतम. गोरे गेले, आपले आले, पन सॉरी काही गेली नाही."

"अन् कप फुटला तं, मामाजी?" त्याचा जावई दुधराम मुद्दाम विचारी.

"साहेबाच्या हातून फुटला तं सॉरी. आपल्या हातून फुटला तं बूट."

पतिरामनं हे स्वतःच्या पाठीवर शिकलेलं होतं. एकदा कप फोडून त्यानं मोठ्या ऐटीत 'सॉरी साब' म्हटलं होतं आणि साहेबानं पायातला बूट काढला होता. "हा शबद वरून खाली बोलाचा असते, खालून वर नाही चालत," असं तो शेवटी सांगे, आणि सगळे पोट धरून हसत. सगळ्यात मोठ्यानं हसे ती त्याची मुलगी मंगली, दुधरामची बायको.

छप्पनच्या उन्हाळ्यात नागपूरकडचा एक बडा साहेब शिकारीला आला. पहिल्याच सकाळी बदकावर नेम धरून त्यानं गावातल्या उदारामची बकरी मारली, 'सॉरी' म्हणाला आणि चहाला निघून गेला. गाव हसलं. पतिरामच्या यादीत एक भर पडली, त्याचा त्याला आनंदच झाला, मूर्खाला.

दुसऱ्या दिवशी ढोल बडवून जनावरं उठवायचा हाका ठरला. हाक्यात काही माणसं बाजूच्या झाडांवर बसवतात. जनावर आडवं फुटायला लागलं की त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर ठोकायचं, म्हणजे ते वळून बंदुकीपुढं येतं. साहेबाच्या नजरेत भरला तर जावई बंगल्यावर नोकरीला लागेल, या हिशेबानं पतिरामनं दुधरामचं नाव पुढं केलं.

"नोको चढवू त्याले झाडावर, बा," मंगली म्हणाली. "त्या मानसाले बकरी अन् बदक वळखू येत नाही."

"तू गप राय. मोठे लोक हायेत. सभ्य हायेत."

ढोल वाजले, आरोळ्या उठल्या. एक सांबर आडवं निघालं आणि दुधरामनं ठोकायला सुरुवात केली. वर पानं हलली. साहेबाची बंदूक त्या आवाजाकडं फिरली आणि बार झाला. साहेबाच्या मचाणाखाली पाण्याची सुरई घेऊन उभ्या असलेल्या पतिरामला आपला जावई पडताना दिसला.

साहेब खाली उतरला. वाकून पाहिलं. टोपी काढली, सिगारेट पेटवली. "ओह, सॉरी," तो पतिरामला म्हणाला आणि जीपकडं गेला.

साहेबासोबत एक कारकून होता. त्यानं तिथंच कागद केला. दुधराम पाय घसरून झाडावरून पडला, असं त्यात होतं. खाली घरच्या माणसाचा अंगठा हवा होता.

"पन गोळी लागली ना जी त्याले?" पतिराम म्हणाला.

"साहब ने खुद तेरेको सॉरी बोला ना? अब और क्या चाहिए? चौकीदारी करनी है कि नहीं?"

त्या शब्दानंतर बोलणं संपतं, हे वीस वर्षं गावाला पतिरामनंच शिकवलं होतं. नोकरी डोळ्यापुढं आली. करंट्यानं अंगठा दिला.

दुधरामचं प्रेत अंगणात आणून ठेवलं. मंगली रडली नाही. तिनं बापाला विचारलं.

"साहेब काही बोलला का, बा?"

"सॉरी बोलला."

"कोनची?"

पतिरामला सगळ्या आठवल्या. पाय तुडवल्याची, खोकल्याची, ऐकू न आल्याची, बकरीची. मुलीशी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"कप फुटते तवाची," तो म्हणाला.

मंगलीची नजर त्याच्या हाताकडं गेली. अंगठ्याची शाई त्यानं धोतराला पुसली होती, ती निघाली नव्हती.

"अन् तू अंगठा देऊन आला," ती म्हणाली. आत जाऊन तिनं बापाच्या तोंडावर दार लावून घेतलं.

दारापाशी पतिराम बराच वेळ उभा राहिला. मग ऊन उतरलं. साहेबाच्या चहाची वेळ झाली, तसा तो बंगल्यावर गेला.