पांढरी पुटं

"आये, पुरे की आता! नळाचं पितळ निघंल बाहेर," बिभीषण म्हणाला.

बायडाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नासलेल्या दुधाचं आंबट पाणी फडक्यावर घेऊन ती नळ घासतच राहिली. बिभीषण गावच्या दूध संस्थेत मापावर होता. दुष्काळात संस्थेचं दूध आटलं होतं, पण नासलेलं तेवढं घरी यायचं.

बोअरच्या पाण्याने घरभर पांढरी पुटं धरली होती. हंडे, मोरी, फरशी, काही म्हणून सुटलं नव्हतं. चिंच झाली, लिंबू झालं, शेवटी विटेचा तुकडाही झाला. आज केजहून मुलीची आत्या घर बघायला येणार होती. दुष्काळ पडल्यापासून या गावात एकही सून आली नव्हती. पाहुणे पाणी बघायचे आणि परत फिरायचे. आपला पोरगा असाच राहतो की काय, हा घोर बायडाबाईला झोपू देत नव्हता. म्हणून प्यायला तिने चौसाळ्याहून गोड्या पाण्याचा जारही आणवला होता.

आत्या, चंद्रभागाबाई, आल्या. घरभर फिरल्या, जारमधलं पाणी प्यायल्या.

"लई चकाचक ठिवलंय," त्या म्हणाल्या. बायडाबाईचा जीव भांड्यात पडला.

पोहे झाले आणि पाहुणीबाई हात धुवायला मोरीत गेल्या. साबण फिरवला, परत फिरवला. फेस येईना. नुसता चिकट कीट बोटांना लागला. घर घासता येतं, पाणी कसं घासायचं? बायडाबाईला रडूच फुटायचं बाकी होतं.

"बोअरचं हाय," ती घाईने म्हणाली, "पर आता टँकर बी येतो. पोरगी सुखात राहील, ताई."

"पोरगं चांगलं हाय, घर बी चांगलं हाय. पर आमचे मालक असल्याच पाण्यानं गेले. मुतखड्यानं लई हाल झाले त्यांचे." चंद्रभागाबाईंचा आवाज मऊ होता. "तुमीच सांगा, तुमी दिली असती का हितं तुमची लेक?"

बायडाबाईने खोटं बोलायला तोंड उघडलं. पण तिची अंजना उमापूरला दिलेली. तिथल्या विहिरीचं ओंजळभर पाणी स्वतः पिऊन बघितल्यावरच तिने सुपारी फोडू दिली होती.

"न्हाई," ती म्हणाली.

बाहेर ओट्यावर नवा सदरा घालून बसलेल्या बिभीषणने ते ऐकलं. तो उठला आणि गाडी काढली.

"चला मावशी," तो म्हणाला, "फाट्यावर सोडतो. न्हाईतर केजची एसटी चुकंल."