चाळीस ते साठ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, संगणकातली. 'चाळीस ते साठ' एवढंच माझं नाव आणि एवढाच माझा पसारा. एका छोट्या दवाखान्यातल्या एकवीस यंत्रांचे हे क्रमांक. त्यांचे निरोप फायरवॉल नावाच्या पहारेकऱ्यासमोरून बाहेर जातात. त्याने माझ्यातल्या कुणाला अडवलं, की पडद्यावर लाल होऊन ओरडायचं, हे माझं काम.

मला घडवलं नर्सबाईंच्या दिराने. दवाखान्याचे संगणक तोच सांभाळतो. एकवीस ओळी लिहायचा कंटाळा आला, म्हणून त्याने एका ओळीत सगळी आळी बसवली. "बघा वहिनी, कसं सुटसुटीत," म्हणाला. माझी छाती फुगली. आळसातून जन्मलेल्यांनी एवढं फुगू नये, हे पुढे कळलं.

माझ्यातला सत्तेचाळीस म्हणजे प्रिंटर. दर पाच मिनिटांनी बाहेर कुठेतरी हालहवाल कळवायची त्याला हौस. पहारेकरी अडवायचा, मी ओरडायची. दिवसभर पडदा लालेलाल. दीर वैतागला. मला मधोमध कापून प्रिंटर तेवढा वेगळा काढणं दोन मिनिटांचं काम होतं. त्याने माझंच तोंड बांधलं. "तात्पुरतं," असं पुटपुटला. मित्रांनो, तात्पुरत्या गोष्टीइतकं चिवट काही नसतं. आठ महिने गेले.

माझा बावन्न म्हणजे लसींच्या फ्रिजचा तापमापक. फ्रिज तापला, की तो नर्सबाईंच्या मोबाईलवर निरोप धाडणार. त्याच्या कंपनीने निरोपांचा पत्ता बदलला. पहारेकऱ्याला तो अनोळखी. शनिवारी दुपारी बावन्न दार ठोठावू लागला. काय सांगतोय ते मला कळेना, पण इतका शांत गडी उगाच ठोठावेल का? दोनशे बारा वेळा अडवला गेला. मी दोनशे बारा वेळा लिहून ठेवलं, फिक्या करड्या अक्षरांत, जिथे कुणी बघत नाही.

सोमवारी नर्सबाईंनी फ्रिज उघडला. आत सगळं कोमट. बाकावर अकरा आया बाळं घेऊन बसलेल्या. सगळ्यांना परत पाठवावं लागलं. एकजण दोन बस बदलून आली होती. तिने बाळाची टोपी सारखी केली आणि उठली.

दिराने माझं लिहिलेलं वाचलं. "वहिनी, इथे सगळं आलं होतं."

"मग दिसलं कसं नाही?"

"प्रिंटर फार कटकट करत होता, म्हणून सगळंच बंद केलं होतं."

"तुमचे भाऊ घोरतात, भाऊजी. म्हणून मी घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर उशी नाही ठेवत."

त्याच दिवशी त्याने मला कापलं. चाळीस ते शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस ते साठ. दोन्हींची तोंडं मोकळी. कापताना दुखलं नाही. खरंच दोन मिनिटांत झालं, ते मात्र अजून दुखतं.

काल अठ्ठावन्न उगाच कुरकुरू लागला. दिराचा हात गप्प करायच्या बटणाकडे गेला. मागून नर्सबाई नुसत्या खाकरल्या. हात थांबला.

मित्रांनो, एकाची कटकट नको झाली, तर त्या एकालाच बाजूला घ्या. प्रत्येक आळीत एखादा बावन्न असतो. तो कधी उगाच बोलत नाही.