डबीवरचं नाव

ते साल दोन हजार अकरा. घड्याळजींच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्याखाली आलं, ते त्याच वर्षी.

लोकांच्या घड्याळांची आतडी भिंग लावून तपासणारा हा माणूस स्वतःच्या शरीराबद्दल मात्र कमालीचा लाजाळू. दिवसभर दुकानातल्या स्टुलावरून हलायचा नाही. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही, पण बायकोलाही सांगायचा नाही. लग्नाला एकतीस वर्षं झालेली. तिला काय कळत नव्हतं?

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पोटातले जंतू बिघडले की अन्नातून नको ती घाण तयार करतात. ती गाळायला शेवटी मूत्रपिंडच. तुमचे बिघडले असतील तर आमच्या आहाराच्या प्रयोगात घेते. उद्या या डबीत शौचाचा नमुना आणा."

सकाळी घड्याळजी डबी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "अगं, तूच भर ना."

"अहो, शोभतं का हे?"

"एकाच पातेल्यातलं जेवतो आपण. काय फरक पडणार?"

त्यांचा रडवेला चेहरा बघून तिने हात टेकले.

पंधरवड्याने दोघं दवाखान्यात गेली. बाई कागद बघत म्हणाल्या, "वा! इतकं छान पोट क्वचितच बघायला मिळतं. मग प्रयोगातून तुमचं नाव काढते. पुढेमागे डायलिसिस लागेल, मनाची तयारी असू द्या."

घड्याळजींनी निमूट मान डोलावली. शेजारी बसलेल्या बायकोने ते पाहिलं. हा माणूस यंत्राला जोडून घेईल, पण तोंड उघडणार नाही!

"बाई, ते पोट माझं आहे," ती म्हणाली. "डबीवर नाव यांचं, आत माल माझा."

बाईंना हसू आवरेना. घड्याळजी भिंतीकडे बघत पुटपुटले, "हे घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही दुसरी डबी घ्या."

दुसरा निकाल वाईट आला, तेव्हा ती लॉटरी लागल्यासारखी हसली.

आहार बदलला, दर तासाला स्टुलावरून उठणं आलं. मूत्रपिंडं सुधारली नाहीत, पण बरीच वर्षं होती तिथेच टिकली. त्यातलं किती आहाराचं, किती औषधांचं, ते बाईंनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. डायलिसिस लागलं ते नवव्या वर्षी. तोवर घड्याळजी नर्सला पोटाचा रोजचा हालहवाल न विचारता सांगू लागले होते. पुढे तीन वर्षांनी ते गेले. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. दुकान मुलगी चालवते, आणि तासातासाला उठते.

बायको सत्तरीत आहे. पोट अजून छान आहे. पातेलं मात्र लहान घेतलंय.