थांबासाहेब

"दाजी, निदान माझ्या दुकानात उभं राहून तरी असं बोलू नका," मी हात जोडून म्हणालो.

गिऱ्हाईक औषधाची बाटली काउंटरवर ठेवून केव्हाच पसार झालं होतं. खिशातून पैसे अर्धे बाहेर आले होते हो त्याचे. तेवढ्यात दाजी आत आले, त्यानं आणलेलं किडकं पान उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, थांबा, एवढ्यात फवारू नका. झालं. माझा धंदा बसला.

मी बियाणं आणि कीटकनाशकं विकतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान शेती खात्यात आहेत, गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला देणं हे त्यांचं काम. एकाच घरात एक औषध विकणारा आणि एक घेऊ नका म्हणणारा, हे जुळवून आणायला देवाला बरी सवड मिळाली. सगळा तालुका त्यांना पाठीमागे थांबासाहेब म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे. रागवायचं सोडून हसतात.

त्यांचं म्हणणं सोपं आहे. किडीला खाणारेही किडे असतात, औषधानं आधी ते मरतात, आणि मग पुढची कीड दुपटीनं येते. हे सांगायला हा माणूस त्या खटारा स्कूटरवरून रस्ता नसलेल्या वाड्यांवर जातो. खात्यानं एका माणसाच्या गळ्यात इतकी गावं बांधली आहेत की एका गावाला परत जाईपर्यंत तिथलं पीक निघालेलं असतं. हवा बेभरवशाची, बाजाराचा ठिकाणा नाही, आणि शेतकऱ्याच्या हातातला फोन दिवसभर त्याला नवनवी औषधं दाखवतो. अशात यांच्या सभेला येणार किती? दोघं-तिघं. पण दाजी त्या दोघा-तिघांना असं समजावून सांगतात जणू सभागृह खच्चून भरलंय. मी चेष्टा करतो, पण खरं सांगू का, मला ते जमलं नसतं.

तर गोष्ट नर्सबाईंच्या कोबीची. नर्सबाई दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ त्यांचे यजमान गेले. यजमानांच्या वाट्याचं शेत बरीच वर्षं धाकटा दीरच कसत होता. बाई म्हणाल्या, आता मी कसणार. दीर मनानं वाईट नव्हता, पण त्याचा हिशेब सरळ होता: मला शेती कळते, वहिनीला इंजेक्शन कळतं. तो चारचौघांत म्हणाला, एक हंगाम घ्या. पीक आलं तर शेत तुम्हीच करा. नाही आलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, मी कसणार. बाई हो म्हणाल्या. त्या वयात दुसरा हंगाम मागून घ्यायचा नाही, हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं.

बाईंनी कोबी लावली आणि लेकरासारखी वाढवली. गड्डे धरायला लागले आणि पानांच्या पाठीवर मावा आला. बारीक हिरवे किडे, पानाचा रस शोषून घेणारे. बाई माझ्याकडेच निघाल्या होत्या, पण शिस्तीच्या बाई, आधी दाजींना फोन केला. दाजी गेले. पान उलटून त्यांना लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे दाखवले. हे मावा खातात, भरपूर आहेत, चार दिवस द्या यांना, म्हणाले.

"साहेब, मी जन्मभर वेळेवर औषध देत आले," बाई म्हणाल्या. "आता पेशंट डोळ्यांसमोर फणफणलाय आणि नुसती बघत बसू?"

"बसू नका. रोज पान उलटून बघा."

बाईंना हसू आलं. त्या थांबल्या.

चार दिवसांनी दाजी पुन्हा गेले तेव्हा मीही सोबत होतो, त्याच बाजूला मला बियाणं पोचवायचं होतं. लांबूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. पानं आकसली होती, हात लावला की चिकट लागत होती. दाजी बांधालगतच्या ओळीत उकिडवे बसले. मातीत ते ठिपक्यांचे किडे उताणे पडले होते. बांधापलीकडे दिराचा घेवडा. त्यानं मधल्या दिवसांत तो फवारला होता आणि वारा इकडे वाहत होता. बाटली माझ्याच दुकानातली. मी दुकानदार माणूस, मागितलं ते दिलं. तरी त्या वेळी मी पायाखालची माती बघत राहिलो.

दाजी बराच वेळ उठले नाहीत. वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टरचा चेहरा कसा होतो ते बाईंना पाठ होतं. त्यांनीच विचारलं, "आता औषध द्यायचं ना?"

"द्यायचं. उशीर झालाय, पण द्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी औषध न्यायला माझ्या दुकानात आले. बाजाराचा दिवस होता. दुकान गच्च भरलेलं, आणि नेमका तो दीरही बाकावर बसलेला. मी दाजींना हळूच म्हटलं, तुम्ही घरी चला, मी मागच्या दारानं बाटली पोचती करतो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून रांगेत उभे राहिले. अहो, बहिणीचा नवरा, माझ्या दुकानात, माझ्यासमोर रांगेत! पाळी आली तशी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माव्याचं औषध मागितलं. कुणीतरी पुटपुटलं, आज थांबासाहेबांनाच घाई झालीय. दोघं-तिघं हसले. दाजींचे कान लाल झाले, पण तेही थोडं हसले.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "दाजी, यात तुमची काय चूक? बांधापलीकडे फवारलं म्हणून..."

"बांधापलीकडे बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

मग ते दिराकडे वळले. "बाई पहिल्याच दिवशी औषध आणायला निघाल्या होत्या, मी अडवलं. पीक गेलं तर ते माझ्या सल्ल्यानं गेलं, त्यांच्या हातानं नाही. हा हंगाम त्यांच्या नावावर धरू नका. एवढीच विनंती आहे."

माझ्या दुकानात कंपन्यांची माणसं येतात, पुढारी येतात, टाय लावलेले तज्ज्ञ येतात. सल्ला फसला की त्यातला एकही पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. आणि हा माणूस भर बाजाराच्या दिवशी रांग लावून आला. संध्याकाळी ताईला सांगितलं तर ती भाजी निवडायची थांबली. "चुकलो म्हणाले? हे?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी नाही ऐकलं कधी." पण पदरानं डोळे पुसत होती.

पाठीवर पंप घेऊन दाजींनी स्वतः फवारलं. बांधाकडचे गड्डे हातचे गेले, लांबच्या ओळींतले निम्मे-शिम्मे तगले.

काढणीच्या दिवशी मी गेलो होतो. बाई विळा घेऊन कापत होत्या, एकेक गड्डा दोन्ही हातांनी उचलून ढिगावर ठेवत होत्या. ढीग मोठा नव्हता, दुरूनही कळत होतं. दीर बांध ओलांडून आला. बाई ताठ उभ्या राहिल्या. दिरानं ढिगातला एक गड्डा उचलला, अंगठ्यानं दाबून बघितला, घट्ट होता. पुन्हा जागेवर ठेवला. मग त्यानं गेलेल्या ओळींकडे बघितलं, आपल्या घेवड्याकडे बघितलं.

"पुढच्या हंगामाला काय लावताय, वहिनी?" त्यानं विचारलं.

बाईंनी विळा खाली ठेवला. "साहेबांना विचारून सांगते, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"विचारा. आणि माझ्या बाजूलाही एक चक्कर टाकायला सांगा त्यांना."

साहेब काही लांब नव्हते. बांधालगतच्या ओळीत वाकून ते सडके गड्डे पाटीत भरत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. पण त्यांनी मान वर केली नाही. पाटी भरली, ती डोक्यावर घेतली आणि उकिरड्याकडे चालू लागले.